मुलीला संगणकाच्या नोकरीपर्यंत नेताना: क्लास लावण्याआधीचे आणि नंतरचे टप्पे

दहावीचा किंवा बारावीचा निकाल लागला की ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे इथल्या बहुतेक घरांत पहिला निर्णय होतो तो संगणकाच्या क्लासचा. शेजारची मुलगी जिथे जाते तिथे पैसे भरले जातात, तीन-चार महिन्यांनी प्रमाणपत्र हाती येते आणि ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात जाते. पुढे मुलाखतीला बसवून "ही यादी तारखेप्रमाणे लावून दाखवा" असे कोणी म्हटले की मुलगी अडते. कित्येकदा तर गोष्ट मुलाखतीपर्यंतही पोहोचत नाही, कारण अर्ज भरताना ओटीपी वडिलांच्या फोनवर जातो आणि वडील त्या वेळी कामावर असतात.

कळव्यातल्या एका अभ्यासिकेत रविवारी मुलींचे अर्ज भरून द्यायला मी बसते. तिथे जे अर्ज अडलेले पाहते त्यांत मुलीची हुशारी कमी पडल्याची उदाहरणे फार थोडी असतात. बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम चुकलेला असतो. क्लास ही सुरुवात नव्हे. तो पुढे दिलेल्या टप्प्यांत सातवा आहे, आणि पहिले सहा टप्पे जवळजवळ फुकटात होतात.

दहावी ते पदवी यांदरम्यान कुठेही असलेल्या आणि पुढच्या एक ते तीन वर्षांत कार्यालयीन किंवा तांत्रिक कामाला लागू इच्छिणाऱ्या मुलींसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी हा लेख आहे.

टप्पा १. आधी काम ठरवा, मग कौशल्य

"कम्प्युटर शिकायचे" हे उद्दिष्ट होऊ शकत नाही, कारण त्यातून कोणता क्लास, किती महिने, कोणती परीक्षा यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही. आपल्या भागात मुलींसमोर साधारण तीन वाटा असतात. पहिली सरकारी कार्यालयातील लिपिकाची. तिथे टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र आणि जाहिरातीत मागितलेली संगणक अर्हता यांवाचून अर्जच टिकत नाही. दुसरी खासगी कार्यालयातील बॅक ऑफिस, हिशेब, बिलिंग, ग्राहक सेवा यांची. ऐरोली, घणसोली, महापे, वाशी आणि वागळे इस्टेट या पट्ट्यात अशी कामे असतात, आणि तिथे प्रमाणपत्रापेक्षा समोर बसवून घेतलेली चाचणी निर्णायक ठरते. तिसरी वाट आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवीमार्गे तांत्रिक कामाची.

मुलीने स्वतः, पालकांनी नव्हे, तिला शक्य वाटणाऱ्या कामांच्या पाच ताज्या जाहिराती वहीत उतरवून घ्याव्यात. प्रत्येकीतील शिक्षणाची अट, मागितलेले कौशल्य, ठिकाण आणि कामाची वेळ लिहावी. पाचांपैकी तीन जाहिरातींत जे कौशल्य पुन्हा पुन्हा आले, तेच आधी शिकायचे.

तपासा: वहीतील पाचही जाहिरातींत ठिकाणाचा पत्ता आहे का? "घरबसल्या काम" एवढेच लिहिलेल्या जाहिराती यादीत धरू नयेत. त्यांचा विचार नवव्या टप्प्यात केला आहे.

टप्पा २. सगळी कागदपत्रे एकाच नावावर आणा

हा सर्वांत कंटाळवाणा टप्पा आहे आणि सर्वाधिक अर्ज याच ठिकाणी बाद होतात. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे गुणपत्रक, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक ही चार कागदपत्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक "ए" आणि दुसरीकडे दोन, आधारवर वडिलांचे नाव गायब, गुणपत्रकात आडनाव आधी आणि बँकेत शेवटी, असे फरक माणसाला क्षुल्लक वाटतात. ऑनलाइन प्रणालीच्या दृष्टीने मात्र त्या दोन वेगळ्या व्यक्ती असतात.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. दहावीचे गुणपत्रक हा पाया धरावा, कारण पुढची प्रत्येक संस्था तेच मागते. गुणपत्रक बरोबर असेल तर आधार त्याप्रमाणे करून घ्यावे आणि त्यानंतर बँक. गुणपत्रकातच चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. याला वेळ लागतो, म्हणून निकालानंतरच्या पहिल्याच महिन्यात तो द्यावा. पुष्कळ जण आधी आधार बदलून घेतात आणि मग त्या चुकीच्या आधाराप्रमाणे बाकीची कागदपत्रे फिरवत बसतात. त्यात वर्ष जाते.

आधारबाबत आणखी एक गोष्ट. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर मुलांचे बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे आणि छायाचित्र नव्याने द्यावे लागते. १५ ते १७ या वयात हे अद्ययावतीकरण विनाशुल्क होते. ते राहून गेले असेल तर परीक्षा केंद्रावर किंवा बँकेत ठसा जुळत नाही आणि मुलीला उगाच परत पाठवले जाते.

लग्न झालेल्या मुलींनी आडनाव बदलायचे की नाही हा त्यांचा प्रश्न आहे. शिक्षण चालू असताना मात्र निम्मी कागदपत्रे माहेरच्या आणि निम्मी सासरच्या नावावर ठेवू नयेत. बदलायचेच असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाती घेऊन सगळी एकदमच बदलावीत. नाही तर शिक्षण संपेपर्यंत सगळी जुन्याच नावावर ठेवावीत.

यानंतर महसुली दाखले. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आणि लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर. यांतील बहुतेक दाखले "आपले सरकार" पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतात. जात वैधतेचे काम मात्र जात पडताळणी समितीकडे वेगळ्याने करावे लागते, आणि त्याला सर्वाधिक वेळ लागतो. आपल्या भागातील घोळ असा की "नवी मुंबई" म्हणजे एकच तालुका असे समजले जाते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यातील ठाणे तालुक्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात येतात. खारघरच्या मुलीने अर्जात ठाणे तालुका निवडला की अर्ज फेटाळला जातो, आणि हे कळेपर्यंत प्रवेशाची तारीख उलटून गेलेली असते. तालुका निवडताना रेशनकार्डावर किंवा वीजबिलावर काय लिहिले आहे ते पाहावे, बोलण्यात काय म्हणतो ते नव्हे.

शेवटी मुलीच्या नावाने डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रे ऑनलाइन ठेवण्याचे सरकारी खाते, उघडावे. राज्य मंडळाची दहावी-बारावीची गुणपत्रके त्यात थेट मंडळाकडून येतात आणि कायद्याने ती मूळ कागदपत्राइतकीच ग्राह्य असतात. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेल्या कागदाला तो दर्जा मिळत नाही. या दोन प्रकारांत गल्लत करून "डिजिलॉकरमध्ये आहे ना" म्हणत निर्धास्त राहणारे पुष्कळ भेटतात.

इशारा: मूळ कागदपत्रे कोणत्याही क्लासकडे, एजंटाकडे किंवा नोकरी देणाऱ्याकडे ठेवायला देऊ नयेत. दाखवावीत, प्रत द्यावी आणि मूळ परत घेऊनच उठावे.

टप्पा ३. फोन नंबर, ई-मेल आणि बँक खाते मुलीचे स्वतःचे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ५४ टक्के महिलांनीच आपण स्वतः वापरतो असा मोबाइल असल्याचे सांगितले होते. उरलेल्यांचे ओटीपी दुसऱ्या कोणाच्या हाती जातात, आणि अर्जाच्या कामात ही अडचण रोज दिसते. मुलीला महागडा फोन देणे गरजेचे नाही. एक सिमकार्ड मात्र तिच्या ताब्यात हवे, तेच आधारला जोडलेले हवे आणि पुढची किमान पाच वर्षे बदलायचे नाही असे घरात ठरलेले हवे. रिचार्ज संपून नंबर बंद पडला आणि कंपनीने तो दुसऱ्याला दिला, तर त्या नंबरावर उघडलेली सगळी खाती अडकतात.

ई-मेलचा पत्ता नाव आणि आडनाव यांचा असावा. "क्यूट", "एंजल", "प्रिन्सेस" असले पत्ते मुलाखतीच्या यादीत वाचून दाखवले जातात तेव्हा सर्वांत जास्त संकोच मुलीलाच होतो. पासवर्ड सायबर कॅफेवाल्याने ठरवलेला नसावा. तो तिनेच ठरवावा, वहीत लिहून घरी ठेवावा, आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावून घ्यावी. कॅफेतल्या संगणकावरून उठताना लॉग-आउट केले का, डाउनलोड झालेल्या आधारच्या फाइल काढून टाकल्या का, हे प्रत्येक वेळी पाहावे.

बँक खात्याबाबतचा गैरसमज सर्वांत खर्चिक ठरतो. "खात्याला आधार लिंक आहे" आणि "खाते आधार-सीड आहे" या दोन गोष्टी एक नाहीत. केवायसीसाठी बँकेला आधार दिल्याने शिष्यवृत्ती जमा होत नाही. सरकारी पैसे आधार क्रमांकावरून ज्या एका खात्याकडे वळवायचे, त्याची नोंद वेगळी करावी लागते, आणि एकापेक्षा जास्त खाती असली तरी ती नोंद एका वेळी एकाच खात्याची असते. मायआधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" पाहिले की बँकेचे नाव आणि स्थिती दिसते. तिथे वडिलांनी कधी काळी उघडून दिलेल्या आणि आता बंद पडलेल्या खात्याच्या बँकेचे नाव दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. बँकेत जाऊन लेखी अर्जाने चालू खात्याचे सीडिंग मागावे.

तपासा: मुलगी १८ वर्षांची होत असेल तर अल्पवयीन म्हणून उघडलेल्या खात्याचे नव्याने केवायसी झाले आहे का? ते झाले नसल्यास खाते गोठते आणि आलेली रक्कम परत जाते.

टप्पा ४. डिप्लोमा किंवा पदवीला जाणार असाल तर शुल्कमाफीची अट आधी वाचा

फक्त टायपिंग आणि कार्यालयीन कामाकडे वळणाऱ्यांनी हा टप्पा सोडून पुढे जावे.

राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये किंवा त्याहून कमी असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग (एसईबीसी) आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. ही ओळ सगळ्यांना पाठ असते, पण तिच्याखालची अट कोणी वाचत नाही. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही तिच्या बाहेर आहेत.

प्रत्यक्षात असे घडते की कॅपच्या पहिल्या फेरीत घराजवळचे महाविद्यालय मिळत नाही, पालक घाबरतात, आणि पुढच्या फेरीची वाट न पाहता जवळच्या संस्थेत थेट प्रवेश घेऊन टाकतात. मुलीला सवलत मिळेल असे समजून पहिला हप्ता भरला जातो आणि दुसऱ्या सहामाहीत पूर्ण शुल्काची नोटीस येते. म्हणून पर्यायांची यादी भरतानाच ठाणे-वाशीपुरती न ठेवता, लोकलने रोज जाता येईल अशा पनवेल, कर्जत, कल्याण आणि मुंबईच्या संस्थाही तीत घालाव्यात. विकास शुल्कासारखी इतर शुल्के सवलतीत नसतात, त्यांचा आकडा प्रवेशाआधी लेखी मागून घ्यावा.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज केला म्हणजे काम संपले असे नाही. अर्ज आधी महाविद्यालयाच्या पातळीवर तपासला जातो आणि तिथेच आठवडेच्या आठवडे पडून राहतो. दर पंधरा दिवसांनी स्थिती पाहावी, त्रुटी दाखवली असेल तर ती दुरुस्त करून पुन्हा सादर करावी, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज आठवणीने करावा, कारण तो आपोआप होत नाही.

दहावीनंतर लांबचे शिक्षण परवडत नसेल तर आयटीआयमधील "कोपा" हा एक वर्षाचा संगणक चालक व प्रोग्रॅमिंग सहायकाचा अभ्यासक्रम मनात धरावा. माझ्या मते खासगी क्लासांत पन्नास-साठ हजार घालण्यापेक्षा हा पर्याय कितीतरी बरा, आणि तरीही मुलींच्या यादीत तो क्वचितच वर असतो.

टप्पा ५. कीबोर्डवर रोज तीस मिनिटे

मोबाइलवर वेगाने लिहिणारी मुलगी संगणकासमोर बसली की दोन बोटांनी अक्षरे शोधू लागते. हा फरक पालकांना दिसत नाही, कारण त्यांच्या लेखी ती "दिवसभर डिजिटलच" असते.

घरी संगणक नसेल तर थांबून राहू नये. अँड्रॉइड फोनला ओटीजी केबलने साधा यूएसबी कीबोर्ड जोडता येतो. काही शे रुपयांत हे जमते आणि सरावापुरते ते पुरेसे आहे. फोन उभा टेकवून ठेवावा, कीबोर्ड टेबलावर, पाठ सरळ. "एफ" आणि "जे" या कळांवर बोटाला लागणारी बारीक उंच रेघ असते. दोन्ही तर्जन्या तिथे ठेवून बाकीची बोटे शेजारच्या कळांवर ठेवायची. पहिले पंधरा दिवस वेग मोजूच नये. कीबोर्डवर रुमाल टाकून खाली न बघता टाइप करायचे आणि फक्त चुका मोजायच्या. शंभर शब्दांत तीनपेक्षा कमी चुका येऊ लागल्या की मग घड्याळ लावावे. सुरुवातीपासून वेगाच्या मागे लागलेल्या मुली पंचवीस शब्दांवर अडकतात, कारण त्यांच्या बोटांना चुकीच्या जागा पाठ झालेल्या असतात आणि ती सवय मोडायला शिकण्याहून जास्त वेळ लागतो.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट ही वेगाची अट असते, आणि त्यासाठीची शासकीय संगणक टंकलेखन परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. सरावाचे लक्ष्य अटीपेक्षा दहा शब्दांनी वर ठेवावे, कारण परीक्षेच्या खोलीत अनोळखी कीबोर्डवर वेग हमखास पडतो.

मराठीसाठी एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. युनिकोडमध्येच शिकावे. जुन्या फाँटवर आधारलेल्या टायपिंगमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो, आणि आज बहुतेक कार्यालयांत तो चालत नाही. कीबोर्डची मांडणी इनस्क्रिप्ट घ्यायची की रेमिंग्टन, हे ज्या परीक्षेला बसायचे तिच्या सूचना वाचून ठरवावे. अशी परीक्षा नसेल तर इनस्क्रिप्ट घ्यावी: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि हिंदीसाठीही तीच मांडणी चालते. मराठी उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणारी सोय गप्पांसाठी ठीक आहे, परीक्षेत ती चालत नाही.

तपासा: दीड महिन्यानंतर वर्तमानपत्रातील अनोळखी मजकूर सलग दहा मिनिटे टाइप करून पाहा. पाठ झालेल्या परिच्छेदावर मोजलेला वेग खरा मानू नका.

टप्पा ६. एक्सेल: याद्या, तारखा आणि आकडे

मुलाखतीत सर्वांत जास्त मुली इथे गळतात. "एक्सेल येते" असे बायोडेटात सगळ्याच लिहितात, पण येते म्हणजे काय येते?

सराव खऱ्या आकड्यांवर करावा. आपल्या सोसायटीच्या किंवा चाळीच्या देखभाल वर्गणीची यादी, घराच्या वर्षभराच्या वीजबिलातील युनिट, किराणा दुकानाची उधारी, शाळेतील वर्गाची हजेरी, यांपैकी काहीही चालेल. किमान दोनशे ओळी असाव्यात, कारण वीस ओळींत डोळ्यांनी काम भागते आणि सूत्र शिकण्याची गरजच वाटत नाही. एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्क मोफत मिळते, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे मराठी आवाजात विनामूल्य आहेत. धडा पाहताना शेजारी तीच कृती करत जायची. नुसते पाहून काही उरत नाही.

क्रम असा ठेवावा. आधी स्वच्छ नोंद: एका स्तंभात एकच माहिती, मधे रिकामी ओळ नाही, नावापुढे नकळत पडलेली मोकळी जागा नाही. मग क्रम लावणे आणि गाळणे. मग बेरीज, सरासरी, अटीप्रमाणे मोजणी. मग एका यादीतील माहिती दुसरीत आणणे. सर्वांत शेवटी पिव्हट टेबल, म्हणजे मोठ्या यादीचा सारांश काढून देणारा तक्ता. यूट्यूबवर पिव्हट टेबल झकास दिसते म्हणून तिथूनच सुरुवात करणाऱ्या मुलींची मूळ यादीच अस्वच्छ असते, आणि मग उत्तर चुकले तरी चुकल्याचे त्यांना कळत नाही.

प्रत्यक्ष कामात पुन्हा पुन्हा होणाऱ्या चार चुका इथे सांगते तशा करून पाहाव्यात, म्हणजे त्या ओळखीच्या होतात.

पहिली: शून्याने सुरू होणारा क्रमांक टाइप केला की सुरुवातीचा शून्य नाहीसा होतो. दुसरी: बारा अंकी आधार क्रमांक भलत्याच रूपात दिसू लागतो, आणि सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो, कारण एक्सेल संख्येचे पंधराच अंक सांभाळते. दोन्हींवर उपाय एकच: क्रमांक भरण्यापूर्वी तो स्तंभ "टेक्स्ट" करायचा. भरून झाल्यावर केला तर गेलेले अंक परत येत नाहीत. तिसरी: संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०७ ही ५ जुलै ७ मे म्हणून नोंदली जाते, आणि १३ तारखेपासूनच्या तारखा नुसता मजकूर म्हणून राहतात. तारखांच्या स्तंभात काही नोंदी डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या की हा घोळ झाला आहे असे समजावे. चौथी: एका यादीतील माहिती दुसरीत आणणाऱ्या व्हीलुकअप या सूत्राच्या शेवटी "फॉल्स" लिहायचे राहिले तर सूत्र जवळपासचे उत्तर देते आणि चूक झाल्याची कोणतीही खूण दाखवत नाही. पगाराच्या यादीत असे एक उत्तर गेले की काय होते, ते वेगळे सांगायला नको.

याच काळात ई-मेललाही हात घालावा: विषयाची ओळ, दोन वाक्यांचा मजकूर, फाइलला अर्थपूर्ण नाव आणि पाठवण्यापूर्वी जोडलेली फाइल उघडून पाहणे. आठवड्याला दोन ई-मेल शिक्षिकेला किंवा मावशीला खरोखर पाठवावेत आणि उत्तर मागावे.

टप्पा ७. आता क्लास

एवढे झाल्यावर मुलीला स्वतःला कळलेले असते की आपल्याला काय येत नाही, आणि क्लास त्यासाठीच लावायचा. सरकारी वाटेवर असाल तर जाहिरातीत "संगणक अर्हता" या शब्दांखाली कोणती प्रमाणपत्रे मान्य आहेत ते पाहून एमएस-सीआयटी किंवा सीसीसी या संगणकाच्या प्राथमिक अभ्यासक्रमांपैकी एक निवडावा. एमएस-सीआयटीचे केंद्र तो अभ्यासक्रम चालवणाऱ्या एमकेसीएलच्या अधिकृत यादीत आहे का ते संकेतस्थळावर पाहावे. दारावरच्या पाटीवर विश्वास ठेवू नये. खासगी वाटेवर असाल तर हिशेबासाठी टॅली आणि जीएसटीची ओळख, किंवा पुढची एक्सेल एवढ्यापुरताच क्लास असावा.

पैसे भरण्यापूर्वी एक दिवस बॅचमध्ये बसू देण्याची विनंती करावी. एका संगणकावर किती मुली, सरावाला वेगळा वेळ मिळतो का, शिकवणारी व्यक्ती कोण, हे त्या एका दिवसात दिसते. पूर्ण रक्कम एकदम भरू नये, शिक्का असलेली पावती घ्यावी, आणि क्लास सोडल्यास परताव्याचा नियम लेखी मागावा. "शंभर टक्के नोकरीची हमी" असे म्हणणाऱ्याला ती हमी पावतीवर लिहून मागितली की संभाषण बहुधा तिथेच आटोपते.

इशारा: क्लासच्या नावाखाली मुलीच्या नावावर शैक्षणिक कर्ज काढून देणारे काही जण असतात. फोनवर आलेला कर्जाचा ओटीपी "हजेरीसाठी आहे" असे सांगून मागितला, तर उठून यावे.

टप्पा ८. कामाचे नमुने आणि एका पानाचा बायोडेटा

सहाव्या टप्प्यात केलेली वर्गणीची यादी, वीजबिलाचा आलेख आणि मराठी व इंग्रजीत टाइप केलेले एकेक पत्र असे चार नमुने एका फोल्डरमध्ये ठेवावेत. लोकांची नावे आणि फोन नंबर बदलून टाकायला विसरू नये. बायोडेटा एक पान, पीडीएफमध्ये, फाइलच्या नावात स्वतःचे नाव. जात, धर्म, आधार क्रमांक, पूर्ण पत्ता यांतले काही लिहू नये. "कळवा, ठाणे" एवढा पत्ता पुरतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरायला हरकत नाही, किंबहुना ती शिकूनच घ्यावीत. बायोडेटा मात्र त्यांच्याकडून जसाच्या तसा घेऊ नये, कारण त्यातल्या इंग्रजीत पुढच्याच प्रश्नाला उत्तर देता येत नाही आणि ते समोरच्याला दोन मिनिटांत कळते. एक्सेलचे अडलेले सूत्र विचारावे, मिळालेले सूत्र दहा ओळींवर हाताने पडताळावे, आणि कोणाचीही खासगी माहिती त्यात चिकटवू नये.

टप्पा ९. शिकाऊ उमेदवारी, मुलाखत आणि रुजू होणे

पहिल्या नोकरीआधी शिकाऊ उमेदवारी मिळाली तर ती घ्यावी. आयटीआयनंतर आणि इतर अनेक कामांसाठी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेच्या पोर्टलवर, तर डिप्लोमा व पदवीनंतर नॅट्स या केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या दुसऱ्या पोर्टलवर नोंदणी होते. आस्थापनेशी होणारा करार पोर्टलवर नोंदवलेला असतो आणि विद्यावेतन त्यात लिहिलेले असते. पोर्टलवर करार दिसत नसेल, तर तुम्हाला "अप्रेंटिस" म्हणत असले तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अप्रेंटिस नाही. सोबतच "महास्वयं" या राज्य शासनाच्या रोजगार पोर्टलवरही नाव नोंदवून ठेवावे.

आता "घरबसल्या डेटा एन्ट्री"बद्दल. तिचा साचा ठरलेला आहे. आधी नोंदणी शुल्क मागतात, किंवा काही न मागता पाच-सहा दिवसांत हजारो ओळी भरायला देतात, मग "अचूकता कमी आली, करारभंग झाला" असे सांगून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात आणि तडजोडीचे पैसे उकळतात. दुसरा साचा टेलिग्रामवरच्या "टास्क"चा: पहिल्या दोन कामांचे शे-दोनशे रुपये खरेच खात्यात येतात, नंतर मोठ्या कमाईसाठी आधी पैसे भरायला सांगतात. अशा धमकीला घाबरून पैसे देऊ नयेत आणि मुलीवर रागावूही नये, कारण रागाच्या भीतीने ती दुसऱ्या वेळी सांगणार नाही. पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.

खऱ्या नोकरीत रुजू होण्यापूर्वी नियुक्तीपत्र हातात हवे: पद, पगार, कामाचे तास, ठिकाण, नोटीस कालावधी. ऐरोली-महापे पट्ट्यात रात्रपाळीचा प्रश्न येतोच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहतुकीची सोय करणे मालकावर बंधनकारक असते. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी गाडी घराच्या दारापर्यंत येते की नाक्यापर्यंत, आणि सर्वांत शेवटी कोणाला सोडतात, हे विचारून घ्यावे. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते; समितीच्या सदस्यांची नावे दर्शनी भागात लावलेली आहेत का ते पहिल्याच भेटीत बघावे.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला, एकदा प्रवास करून पाहावा. दिव्याहून महाप्याला जायचे तर ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जाणे, तिथून ट्रान्सहार्बरने घणसोली किंवा कोपरखैरणे, आणि पुढे बस किंवा शेअर रिक्षा असे तीन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला लागलेला वेळ आणि पैसे वहीत लिहावेत. परतीचा प्रवास रात्री आठनंतर करून पाहावा, कारण स्टेशनापासून कंपनीपर्यंतचा रस्ता सकाळी गजबजलेला असतो आणि रात्री तोच ओस पडतो. महिन्याचा हा खर्च पगारातून वजा करून उरणारी रक्कम मुलीने स्वतः काढावी, आणि तो आकडा समोर ठेवूनच होकार किंवा नकार कळवावा.